आमच्या हॉलमधली एसटी

गाडी लागणं हा काही आजार नव्हे, असं ज्यांना गाडी लागत नाही ते छातीठोकपणे सांगतात. "मनाचे खेळ असतात हो!" असं म्हणून ही माणसं एसटीत खिडकीशी बसतात आणि घाट सुरू झाला की उकडलेलं अंडं सोलायला घेतात. आमच्या घरात माझ्या मुलीला गाडी लागते, तिच्या पाठच्या मुलाला लागते. मला लहानपणी लागायची, आता सुटली, असं मी सगळ्यांना सांगत असतो. बायकोला, म्हणजे नंदिनीला, गाडी लागत नाही. तिला आम्ही लागतो, आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही.

हे कुठल्या कारकुनाच्या वंशात झालं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण माझे वडील, अण्णा, एसटीचे ड्रायव्हर. आमचं गाव पाटणजवळ, आणि अण्णांनी सगळी हयात कऱ्हाड-चिपळूण गाडीवर कुंभार्ली घाट वरखाली करण्यात घालवली. त्या घाटात धुकं असलं की बाकीचे ड्रायव्हर कडेला गाडी लावून विडी ओढत बसायचे आणि अण्णा नुसत्या वासावर वळण ओळखायचे, असं गावात अजून सांगतात. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. शाळेच्या सुट्टीत ते मला गाडीत शेजारी बॉनेटवर बसवून न्यायचे. घाट लागायच्या आधी शर्टाच्या खिशातून लिंबू काढून माझ्या मुठीत द्यायचे आणि म्हणायचे, "बंडू, समोर बघायचं. रस्त्याकडं. प्वाटाकडं न्हाई." मी समोर बघायचो, आणि पोफळीच्या अलीकडेच कार्यक्रम उरकायचो. कंडक्टर लोक हसायचे. म्हणायचे, "कोळ्याच्या पोराला पाणी लागतंय की वो!" अण्णा काही बोलायचे नाहीत. चिपळूण स्टँडवर बादली आणून स्वतः बॉनेट धुवायचे. धुताना माझ्याकडे बघायचे नाहीत. गाडीतून उतरताना तेवढं विचारायचे, "वकलास?" आणि मी दर खेपेला होकाराची मान डोलवायचो. एकदा तरी "न्हाई" म्हणावं आणि अण्णांनी "शाब्बास" म्हणावं, एवढीच माझी लहानपणीची महत्त्वाकांक्षा होती. ती तशीच राहिली. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, कोपरखैरण्याला बोनकोडे गावाच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, पण ते एक राहून गेलं.

तर आता मूळ गोष्ट. आमचा वरद दोन वर्षांचा झाला तरी अण्णांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. पाळण्यात होता तेव्हा लहान म्हणून नेला नाही. रांगायला लागला तेव्हा दात येत होते. चालायला लागला तेव्हा दिवाळीला निघालो, तर खंडाळ्याच्या पहिल्याच वळणावर क्षिप्रानं, म्हणजे आमच्या मुलीनं, समोरच्या गृहस्थांच्या मांडीवरच्या पेढ्यांच्या बॉक्सवर सगळं मोकळं केलं. ते पेढे मुलगी पसंत पडल्याचे होते. लगेच धाकट्यानं बहिणीची री ओढली. बसमध्ये असा काही गिल्ला झाला की लोणावळ्याला उतरून, नळावर कपडे धुऊन, आम्ही ओल्या अंगानं परत आलो. तसे अण्णाच इकडे आले असते. पण त्यांचा एक बाणा आहे. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत ते बसत नाहीत. रिटायर झाल्यापासून गावाची वेस ओलांडलेली नाही.

दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, अण्णांजवळ असते. आमच्याकडे फोन नव्हता, नंबर लावून ठेवला होता. गावाहून काही निरोप असला की समोरच्या मालतीबाईंच्या फोनवर यायचा. मालतीबाई रिसीव्हर माझ्या हातात द्यायच्या आणि खासगीपणा राखण्यासाठी दीड हात लांब उभ्या राहायच्या.

"जयप्रकाश, अण्णांचं काही खरं नाही रे," अक्का म्हणाली. "तब्येत ठणठणीत आहे. पण विसरतात. काल मला म्हणाले, ताई, तुम्ही कुणाकडच्या? मग हसले आणि म्हणाले, गंमत केली. पण गंमत नव्हती. आणि परसातली लिंबं तोडून खिशात भरून बसतात दिवसभर. कशाला, ते सांगत नाहीत. तू पोरांना घेऊन ये. ओळखतायत तोवर ये. नातू नातू करतायत."

"येतो," मी म्हणालो. "मुलांच्या गाडी लागण्याचं तेवढं काहीतरी करतो आणि येतो."

रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत मालतीबाईंचे डोळे भरून आले होते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या 'नवकिरण' सोसायटीला माझ्या मुलांच्या पोटाची इत्थंभूत माहिती झाली होती.

आपल्याकडे माणूस भुकेला असला तर शेजारी जेवायला बोलावतीलच असं नाही, पण गाडी लागते म्हटलं की उपाय घेऊन दाराशी रांग लागते. मालतीबाईंनी पोटाला वर्तमानपत्र बांधायला सांगितलं. ते मराठी की इंग्रजी यावर जिन्यात वाद झाला. इंग्रजीचा कागद जाड असतो, पण मराठी अंगाला चिकटून बसतं, असा शेवटी निर्णय लागला. कुणी आलेपाक दिला, कुणी आवळासुपारी. तळमजल्यावरच्या यशोदाबाईंनी निघायच्या आदल्या दिवशी मुलांवरून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या, कारण त्यांच्या मते हे गाडीचं नसून दृष्टीचं होतं. कुणाची दृष्ट, ते त्यांनी वरच्या मजल्याकडे बघून सुचवलं. आमच्या खाली राहणारे सुलेमानभाई मूळचे श्रीवर्धनचे, बंदरात नोकरीला. ते एवढंच म्हणाले, "उपाशी नका नेऊ पोरांना. आमी लाँचमधनं जायचो तेव्हा आई पोट भरून नाचनीची भाकरी खायला घालायची. काय पडायचंच असंल तर भाकरी पडंल, आतडी नाय पडनार." हा सल्ला ऐकूनच मला कसंतरी झालं.

एका रविवारी मी दोन्ही मुलांना वर्तमानपत्रात बांधून, तोंडात आवळासुपारी देऊन, चाचणी म्हणून बसनं वाशीला नेलं. जुहूगावच्या अलीकडेच दोघांनी निकाल दिला. बसमधले लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी जन्मात विसरणार नाही. एक बाई तर म्हणाल्या, "झेपत नाही तर काढतात कशाला बाहेर!" मुलांना की मला, ते कळलं नाही. परतीचा रस्ता आम्ही चालत आलो. चालता चालता क्षिप्राच्या शर्टातून आदल्या दिवशीचा अग्रलेख सुटून गटारात पडला.

नंदिनी त्या रात्री म्हणाली, "जाऊ या ना असेच. ओकतील तर ओकतील. धुऊन टाकू."

किती साधं बोलली. पण साधं बोलणं मला कधी पटलेलं नाही. मी म्हणालो, "कुंभार्लीच्या ड्रायव्हरपुढे मी ओकलेली मुलं नेऊन उभी करणार नाही. मुलं ताजी टवटवीत उतरली पाहिजेत. अण्णांनी विचारलं पाहिजे, आणि मी 'नाही' म्हटलं पाहिजे."

"मुलांना विचारतील ना? तुम्ही कशाला 'नाही' म्हणताय?" तिनं विचारलं. मी रागावून दिवा मालवला.

आणि मग मला ती कल्पना सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं. अण्णा म्हणायचे, सवयीनं घाटसुद्धा अंगण होतो. मग सवयच करायची. बसचा वास, बसचं बाकडं, बसचे हिसके, हे सगळं मुलांना घरात, सुरक्षित वातावरणात, थोडं थोडं द्यायचं. लस नाही का टोचत, तसं. मी दिघ्याला भंगारवाल्यांच्या गल्लीत दोन शनिवार फिरलो आणि एसटीचं एक तीन जणांचं बाकडं पैदा केलं. अस्सल. हिरवं रेक्झिन, पाठीला लोखंडी दांडी, रेक्झिन फाटलं होतं तिथून काथ्या बाहेर आलेला, आणि पाठीवर कुण्या 'सदू'नं खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं. वास तर असा अस्सल की टेंपोत त्याच्याशेजारी बसून येताना मला दोनदा खिडकीबाहेर डोकं काढावं लागलं. पण ते टेंपोच्या धुरामुळे.

गेटवर वॉचमननं अडवलं. आमच्या सोसायटीत सामान आत आणायला सेक्रेटरींची चिठ्ठी लागते. सेक्रेटरी धामणस्कर. हे सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी बाकड्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय आहे?"

"बाकडं."

"बाकडं दिसतंय. पण हे फर्निचर आहे की वाहनाचा भाग? फर्निचर असेल तर चिठ्ठी मी देतो. वाहनाचा भाग असेल तर ते वर नेता येत नाही, पार्किंगमध्ये ठेवावं लागतं. आणि पार्किंगसाठी तुमच्याकडे वाहन नाही."

"मग फर्निचर म्हणा."

"म्हणा कसं? जनरल बॉडीला मी काय उत्तर देऊ? माणूस कशावर बसतो हे महत्त्वाचं नाही, जयप्रकाशराव. कशासाठी बसतो ते महत्त्वाचं."

त्या दिवशी ते बाकडं तात्पुरतं फर्निचर म्हणून, विषय पुढील सभेपर्यंत राखून ठेवून, वर गेलं. जिन्याच्या वळणावर त्यानं भिंतीचा पोपडा काढला आणि माझ्या अंगठ्याचं नख काढलं. नंदिनीनं दार उघडलं, बाकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सोफा सरकवायला मदत केली.

सराव सुरू झाला. बाकड्याच्या पायांखाली मी जुन्या टायरचे तुकडे घातले, म्हणजे ते डुलायचं. रोज संध्याकाळी दोन्ही मुलं बसायची, नंदिनी भाजी निवडत तिसऱ्या जागेवर बसायची, आणि मी मागे उभा राहून दांडी धरून बाकडं हलवायचो. इंजिनाचा आवाज तोंडानं. गिअर बदलताना वेगळा आवाज. उजवं वळण आलं की उजवीकडे झुकवायचं. क्षिप्रा पेन्सिलीनं दांडीवर टकटक करत तिकिटं द्यायची. "सुट्टे द्या सुट्टे!" असं ती माझ्यावर ओरडायची तेव्हा पोरीला भवितव्य आहे असं वाटायचं. ऑफिसातून थकून आलेला बाप स्वतःच्या हॉलमध्ये उभ्यानं घुर्र घुर्र करतोय आणि घामानं बनियन भिजलंय, हे दृश्य तिऱ्हाइताला हास्यास्पद वाटेल. तिऱ्हाईत पुष्कळ होते. मालतीबाई तर निवडायला त्यांचीही भाजी घेऊन यायच्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सुलेमानभाई वर आले. केसांत चुना.

"जयप्रकाशभाऊ, तुमची गाडी आमच्या डोक्यावरनं जाते हो. आज ताटातल्या सालनमध्ये अर्धा स्लॅब उतरला."

मी ओशाळलो. कशासाठी चाललंय ते सांगितलं. अण्णांचंही सांगितलं. ते बाकड्यावर बसले.

"एक सांगू? पोरं घेऊन निघा. माजी आई गावाला होती, मी म्हनत होतो, पावसाळा संपू दे, रस्ता सुधरू दे. रस्ता मस्त झाला नंतर."

मी म्हणालो, "पंधरवड्यात निघतोच. आता लोणावळ्यापर्यंत आलोय आम्ही." कारण मी घाट क्रमानं घेत होतो. खंडाळा झाला होता, कात्रज व्हायचा होता, खंबाटकी अवघड म्हणून शेवटी ठेवला होता.

मध्ये अक्काचा फोन येऊन गेला. कधी येताय? आता अण्णा मला विचारतात, बंडूला मुलगा झाला म्हणे, खरं का? रोज नव्यानं सांगते, रोज नव्यानं पेढे मागतात. मी म्हणालो, तयारी जवळजवळ झालीय गं, अर्धवट आलो तर पुन्हा लोणावळ्याहून परत जावं लागेल. अक्कानं फोन ठेवला. मालतीबाई म्हणाल्या, "मी तुमच्या जागी असते तर कधीच गेले असते." त्या माझ्या जागीच उभ्या होत्या, जवळजवळ माझ्या पायावर.

दरम्यान आमच्या गाडीची कीर्ती पसरली. बिल्डिंगमधली मुलं दुपारपासून दाराशी उभी राहू लागली. एका बाईंनी बदलापूरला जाण्याआधी आपली दोन मुलं "जरा एक घाट मारून द्या" म्हणून आणून सोडली. आणि मग नोटीस लागली. विषय : सदनिकेत विनापरवाना प्रवासी वाहतूक. सभा गच्चीवर झाली. पाण्याची टंचाई, गच्चीची गळती हे विषय बाजूला ठेवून दोन तास बाकडं चाललं. फर्निचर की वाहन? चाकं नाहीत म्हणून फर्निचर, असं एक गट म्हणत होता. चाकं चोरीला गेलेली स्कूटर पार्किंगमध्ये उभी आहे, तिला आपण वाहनच मानतो ना, असं दुसरा गट. अखेर प्रत्यक्ष पाहणीसाठी समिती नेमली. धामणस्कर अध्यक्ष.

समिती आली, चहा प्यायली, बाकड्यावर ओळीनं बसली. "नेहमीप्रमाणे चालवा," धामणस्कर म्हणाले. मी खंबाटकी घेतला. अपमान साचलेला होता, त्यामुळे वळणं जरा जोरात झाली असतील. चौथ्या वळणावर धामणस्करांचा चष्मा घसरला, पाचव्याला त्यांनी कपाळ पुसलं, आणि सहाव्याला ते "थांबवा, थांबवा" म्हणत आमच्या बाथरूमकडे धावले. बराच वेळ आतून आवाज येत होते. समितीनं त्याच दिवशी एकमतानं अहवाल दिला : सदर वस्तू हे वाहन आहे, कारण समितीच्या अध्यक्षांना ती लागली.

ते हसण्यासारखं होतं, आणि मी हसलोही असतो. पण धामणस्करांना तसं होताना आमच्या दोन्ही मुलांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी "चला, गाडी सुटतेय" म्हणालो, आणि मी दांडीला हात लावायच्या आधीच वरद ओकला. बाकडं हललेलं नव्हतं. घुर्र केलेलं नव्हतं. पाठोपाठ क्षिप्रा. पुढे पुढे तर नुसतं बाकड्याकडे बघून व्हायला लागलं. जगात लोकांच्या पोरांना गाडी चालू झाल्यावर लागते. माझ्या पोरांना उभी गाडी लागायला लागली, आणि तीही तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली. एवढ्या महिन्यांची माझी कमाई ही. मी बाकड्यावर एकटाच बसून राहिलो. इतकं निराश मला एसएससीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

सुलेमानभाईंनी आणि मी मिळून ते बाकडं खाली नेलं. पार्किंगमध्ये त्याला रीतसर जागा मिळाली, भिंतीवर खडूनं नंबरही पडला. ते ठेवून वर येतोय तोवर मालतीबाई दारात उभ्या. पहिल्यांदाच रिसीव्हर देऊन त्या आत निघून गेल्या.

"आज दिवसभर मला ओळखलं नाही," अक्का म्हणाली. मी म्हणालो, उद्या निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. औषध नाही, उपाय नाही, पोटाला कागद नाही. नंदिनीनं सुलेमानभाईंचं ऐकून मुलांना पोटभर खायला घातलं, पिशवीत जुने टॉवेल कोंबले आणि म्हणाली, "धुऊन टाकू."

आणि काय सांगू, मुलांना गाडी लागली नाही. खंडाळ्याला नाही, कात्रजला नाही. क्षिप्रानं पेन्सिल काढली आणि खऱ्या कंडक्टरच्या मागे मागे जाऊन सगळ्या बसला तिकिटं दिली. लोक हसून घेत होते. वरद नंदिनीच्या मांडीवर झोपला तो साताऱ्यापर्यंत. बहुधा त्यांना खरी गाडी ही गाडीच वाटली नाही. तिला दिघ्याचा वास नव्हता, आणि मागे घुर्र करणारा बाप नव्हता.

बाप शेजारी बसला होता. खंडाळ्याच्या पहिल्या वळणापासून तो मुलांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, रस्त्याकडे नाही. तिसऱ्या वळणावर मला घाम फुटला. मग जे झालं ते सविस्तर सांगत नाही. मुलांसाठी आणलेले सगळे टॉवेल मला लागले. कात्रजला पुन्हा, खंबाटकीला पुन्हा. कंडक्टर नंदिनीला म्हणाला, "पोरं गुणाची हायती, वहिनी. मालकांना तेवढं सांभाळा." पुढच्या बाकावरच्या एका आजीनं मला आवळासुपारी दिली. चाळिशीला टेकलेल्या, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाला.

पाटणला उतरून पुढची गाडी धरली आणि ऊन कलताना घरी पोचलो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. अंगात खाकी शर्ट, खिसा फुगलेला. वरद पुढे पळाला. अण्णांनी त्याला पाहिलं आणि खुर्चीचे हात धरून उभे राहिले. चेहरा असा उजळला की मला वाटलं, अक्का उगाच घाबरली होती.

"बंडू!" ते म्हणाले.

"आलो, अण्णा," म्हणून मी पायांवर वाकलो. माझ्या डोक्यावरून त्यांचा हात पुढे गेला आणि वरदच्या डोक्यावर टेकला.

"ये हिकडं. वकलास?"

वरदला काय कळणार? त्यानं मान हलवली, नाही.

"न्हाई? समदा घाट आलास आन् वकला न्हाईस?" अण्णांनी अक्काकडे बघितलं, नंदिनीकडे बघितलं. "बघा! म्या म्हनत हुतो, सुटंल म्हनून. शाब्बास रं माज्या वाघा!"

"बाबा, बंडू तर तुम्ही ना?" क्षिप्रा म्हणाली. नंदिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग अण्णांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी अजून वाकलेलाच होतो.

"उठा, पाव्हणं. तोंड का उतरलंय? गाडी लागली व्हय?"

"होय," मी म्हणालो.

"लाजायचं न्हाई त्यात. ह्या आमच्या पोराला लई लागायची. रोज वकायचं. लई वाईट वाटायचं त्याला, बापाची गाडी घान केली म्हनून. मला दिसायचं, पर बोलाय येत न्हवतं. म्हनून त्याच्याकडं बघायचाच न्हाई म्या, उगं पोरगं लाजंल." त्यांनी वरदला मांडीवर घेतलं. "गाडीचं काय, पान्यानं धुतली की झाली." आणि खिशातून लिंबू काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या. मुठीत धरा. समोर बघायचं. प्वाटाकडं न्हाई."

मी लिंबू घेतलं. अक्का आत गेली, पाणी आणते म्हणून, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. क्षिप्रा मात्र पेन्सिल घेऊन पुढे झाली. खुर्चीच्या हातावर टकटक केली.

"तिकीट! कुठं जायचं?"

"चिपळून," अण्णा म्हणाले. "येक फुल, येक हाप."

क्षिप्रानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि यांचं?"

अण्णांनी मला नीट न्याहाळलं. कुठंतरी पाहिलंय, असा भाव क्षणभर डोळ्यांत आला, आणि गेला.

"पाव्हण्यांचं त्ये काढतील," ते म्हणाले.

मी माझं तिकीट काढलं, आणि मूठ आवळून समोर बघत बसलो.